फार्सचा ‘प’ गेला कुठे?

आज एका अक्षराची गोष्ट.

ऑफिसमध्ये माझ्या शेजारी एक पारशी मैत्रीण बसते. परवा जेवताना मी विचारलं, “तू पारशी, म्हणजे तुला फारसी येत असेल ना?” ती हसायलाच लागली. “अरे, आमच्या घरी गुजराती बोलतात!” माझा पोपट झाला, पण प्रश्न डोक्यात राहिला. शब्द इतके सारखे, मग एकात ‘प’ आणि दुसऱ्यात ‘फ’ का?

उत्तर आहे दक्षिण इराणमध्ये. शिराझ शहर ज्या प्रांतात आहे, त्याचं आजचं नाव फार्स. अडीच हजार वर्षांपूर्वी हेच नाव होतं ‘पार्स’. सम्राट पहिला डरायस याने बेहिस्तूनच्या कड्यावर कोरून घेतलेल्या लेखात ते आहे. तेव्हा मुलखालाही पार्स म्हणत आणि तिथल्या माणसालाही. ग्रीकांनी त्याचं ‘पर्सिस’ केलं. त्यातूनच युरोपात ‘पर्शिया’ आलं आणि एका प्रांताचं नाव अख्ख्या देशाला चिकटलं. इराणी लोक मात्र देशाला इराणच म्हणायचे. शेवटी 1935 मध्ये रझा शाहने परदेशी सरकारांना सांगितलं, आम्हाला इराण म्हणा.

आता ‘प’कडे येऊ. सातव्या शतकात अरबांनी सासानी साम्राज्य जिंकलं. अरबीत ‘प’ हा उच्चारच नाही. कीबोर्डवर बटणच नसावं, तसं. मग जवळचा ‘फ’ आला आणि पार्सचं फार्स झालं.

खरी गंमत पुढे आहे. इराणी लोकांनी अरबी लिपी घेतली, पण आपल्या उच्चारांसाठी तिच्यात चार अक्षरं वाढवली. त्यात ‘प’सुद्धा आहे, ‘ब’सारखंच अक्षर, फक्त खाली तीन ठिपके. म्हणजे ‘पार्स’ पुन्हा लिहिता येत होतं. पण तोवर जिभेला ‘फार्स’ची सवय झाली होती. प्रांत फार्सच राहिला, भाषाही फारसीच.

आपल्याकडे मात्र दोन्ही रूपं आहेत. दख्खनच्या सुलतानांच्या दरबारातून आली ती फारसी, ‘फ’वाली. आणि इराणमधून गुजरातच्या किनाऱ्यावर आलेल्या झरथुष्ट्री लोकांच्या नावात राहिला जुना ‘प’.

मैत्रिणीला हे सांगितलं तर म्हणाली, “म्हणजे भाषा गेली, पण ‘प’ आम्ही सांभाळला!”

तुमच्या गावाच्या नावातलं एखादं अक्षर असंच बदललंय का? घरच्या मोठ्यांना विचारा आणि मला कळवा. भेटू पुढच्या भागात!