अपस्मार : झटक्याची पूर्वसूचना कशी ओळखावी?

अपस्मार, म्हणजेच बोलीभाषेतील फेफरे, आकडी किंवा फिट, हा मेंदूचा विकार आहे. मेंदूच्या पेशींमध्ये विद्युत संदेशांची देवाणघेवाण अखंड चालू असते. हे संदेश अचानक व अनियंत्रितपणे उमटू लागले की झटका येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा विकार आहे. योग्य निदान व उपचार झाल्यास त्यांपैकी ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण झटक्यांपासून मुक्त राहू शकतात. तथापि, झटका केव्हा येईल ही धास्ती अनेक कुटुंबांत कायम असते. बऱ्याच रुग्णांना त्याची चाहूल आधी लागते. ती ओळखता आली, तर इजा टळू शकते आणि निदानासही साहाय्य होते.

पूर्वसूचना म्हणजे काय?

चरकसंहितेच्या निदानस्थानात अपस्माराचे वर्णन करताना रोगापूर्वीच्या लक्षणांचा, म्हणजे पूर्वरूपांचा, स्वतंत्र उल्लेख आहे. पाश्चात्त्य वैद्यकात यासाठी ‘ऑरा’ हा शब्द रूढ आहे. वाऱ्याची झुळूक या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून तो आला आहे. आधुनिक वैद्यकानुसार ऑरा हा केवळ इशारा नसून मेंदूच्या मर्यादित भागात सुरू झालेला लहान झटकाच असतो. या वेळी रुग्ण शुद्धीवर असतो. हा झटका काही वेळा तेथेच शमतो. काही वेळा मेंदूच्या इतर भागांत पसरतो आणि शुद्ध हरपते.

लक्षणे

झटका मेंदूच्या कोणत्या भागात सुरू होतो, त्यावर लक्षणे अवलंबून असतात.

- पोटातून काहीतरी वर चढत असल्याची भावना, अकारण भीती, नसलेला वास वा चव जाणवणे, घडत असलेला प्रसंग पूर्वी घडून गेल्यासारखे वाटणे.
- डोळ्यांसमोर रंगीत ठिपके किंवा प्रकाश चमकणे.
- हात, पाय किंवा चेहऱ्याच्या एका बाजूस मुंग्या येणे.
- बोट, अंगठा किंवा ओठाचा कोपरा आपोआप उडू लागणे.

ही लक्षणे काही सेकंदांपासून एखाद-दोन मिनिटांपर्यंत टिकतात. काहींना मात्र कित्येक तास आधीपासून चिडचिड, डोकेदुखी किंवा उदासपणा जाणवतो. किशोरवयात सुरू होणाऱ्या एका प्रकारात सकाळी उठल्यावर हातांना हिसके बसून कप किंवा ब्रश हातातून निसटतो. याला धांदरटपणा समजून दुर्लक्ष केले जाते आणि पुढे मोठा झटका आल्यावरच निदान होते.

सर्वच रुग्णांना पूर्वसूचना मिळते असे नाही. म्हणूनच चाहुलीवर विसंबून औषध टाळणे धोक्याचे आहे. औषधाचा डोस चुकणे, अपुरी झोप, ताप व मद्यपान ही झटक्याला निमंत्रण देणारी सर्वसामान्य कारणे आहेत.

चाहूल लागताच काय करावे?

रुग्णाने त्वरित जमिनीवर बसावे किंवा कुशीवर आडवे व्हावे. शेगडी, पाणी, जिना व रस्ता यांपासून दूर व्हावे आणि जवळच्या व्यक्तीस सांगावे. स्नानगृहाची कडी आतून न लावणे आणि विहिरीवर किंवा नदीवर एकट्याने न जाणे ही सावधगिरी नेहमीच बाळगावी.

शुद्ध हरपल्यास जवळच्यांनी प्रथम घड्याळ पाहावे. डोक्याखाली मऊ कापड ठेवावे, गळ्याभोवतीचे कपडे सैल करावेत आणि रुग्णाला कुशीवर वळवावे. हातपाय दाबून धरू नयेत. तोंडात चमचा, बोट, पाणी वा औषध घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवल्याने झटका थांबत नाही. त्यात मोलाचा वेळ मात्र वाया जातो. झटका ५ मिनिटांहून अधिक चालल्यास, शुद्धीवर येण्यापूर्वी दुसरा आल्यास, रुग्ण गर्भवती असल्यास किंवा आयुष्यातील पहिलाच झटका असल्यास तातडीने रुग्णालयात न्यावे.

नोंद महत्त्वाची

प्रत्येक झटक्याची तारीख, वेळ, आधीची लक्षणे, झोप आणि औषधाचे वेळापत्रक वहीत लिहून ठेवावे. शक्य असल्यास नातेवाइकांनी मोबाइलवर चित्रण करावे. शरीराच्या कोणत्या बाजूस प्रथम हालचाल झाली, यावरून झटक्याचा उगम शोधण्यास मेंदूविकारतज्ज्ञांना मदत होते. झटके थांबले तरी डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून औषध बंद करू नये. गर्भधारणेचा विचार असलेल्या महिलांनी आधीच सल्ला घ्यावा, कारण काही औषधे गर्भास अपायकारक ठरू शकतात. मात्र ती स्वतःहून थांबवू नयेत.

हा विकार संसर्गजन्य नाही आणि तो भूतबाधाही नव्हे. हिंदू विवाह कायदा व विशेष विवाह कायदा यांतील अपस्माराशी संबंधित अट १९९९ च्या दुरुस्तीने वगळण्यात आली आहे. तरीही लग्न किंवा नोकरीच्या चिंतेने आजार लपवला जातो. आजार लपवला की चाहूल लागूनही ती कोणाला सांगता येत नाही आणि वेळेवर मदत मिळत नाही. घर, शाळा व कामाच्या ठिकाणी किमान एका विश्वासू व्यक्तीस रुग्णाची लक्षणे व प्रथमोपचार माहीत असणे, ही सुरक्षिततेची पहिली पायरी आहे.