आदिवासी विद्यार्थ्यांचा उच्च शिक्षणप्रवेश : आलापल्ली परिसर

गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण भागातील आलापल्ली (ता. अहेरी) हे सागवानी वनांसाठी प्रसिद्ध असलेले गाव चंद्रपूर, सिरोंचा, एटापल्ली व भामरागड या बाजूंच्या रस्त्यांच्या संगमावर वसले आहे. भोवतालच्या वनप्रदेशात गोंड व माडिया गोंड यांची वस्ती मोठी असून माडियांची गणना कातकरी व कोलाम यांच्याबरोबर राज्यातील तीन विशेष दुर्बल आदिवासी गटांत होते. येथील मुले विद्यापीठापर्यंत पोहोचावीत म्हणून स्वातंत्र्योत्तर काळात जे प्रयत्न झाले, त्यांत एक विसंगती दिसून येते. वरच्या टोकाच्या सवलती आधी आल्या. त्यांच्यापर्यंत नेणारी वाट मागाहून, तीही तुकड्यातुकड्यांनी तयार झाली.

अनुसूचित जमातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्त्या केंद्रशासनाने १९४८-४९ मध्ये सुरू केल्या. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने शिक्षणसंस्थांतील राखीव जागांना घटनात्मक आधार मिळाला. विदर्भात गोंडांना अनुसूचित जमात म्हणून मान्यता प्रारंभी ठराविक क्षेत्रांपुरतीच होती. तत्कालीन सिरोंचा तहसील त्यांत असल्याने आलापल्लीचे गोंड सवलतींस पात्र होते. याउलट क्षेत्राबाहेरील गोंडांना १९७६ च्या अधिनियमापर्यंत थांबावे लागले. तथापि या पात्रतेचा उपयोग करून घेण्यास मॅट्रिक झालेला विद्यार्थी हवा आणि तोच दुर्मिळ होता. विद्यापीठ नागपूरला (स्थापना १९२३), म्हणजे अडीचशे किमी.हून दूर होते. पावसाळ्यात नद्यानाल्यांना पूर आला म्हणजे भामरागडकडील गावांना आलापल्लीसुद्धा गाठता येत नसे.

निवासी शिक्षणाची कल्पना ठक्करबाप्पांनी १९२२ मध्ये दाहोद येथे स्थापिलेल्या भिल्ल सेवा मंडळाच्या कार्यातून पुढे आली. महाराष्ट्रात स्वयंसेवी संस्थांपाठोपाठ राज्यशासनानेही १९७२-७३ पासून स्वतःच्या आश्रमशाळा काढल्या. राहणे, जेवण, कपडे व पुस्तके एका जागी मिळू लागल्याने पाड्यावरचा मुलगा शाळेत टिकण्याची शक्यता वाढली. भाषेचा प्रश्न मात्र जसाच्या तसा राहिला. माडिया ही द्राविडी भाषाकुलातील बोली आहे. पाठ्यपुस्तकाची मराठी तिच्याहून सर्वस्वी भिन्न कुलातील. पहिलीत आलेल्या मुलाला अंकगणिताआधी शिक्षकाचे बोलणे समजावे लागते. या आरंभीच्या वर्षांतील तूट पुढे भरून निघत नाही व ती दहावीच्या गणित-विज्ञानात उघड होते. ती बुद्धीची उणीव मानली जाणे, हा या इतिहासातील मोठा अन्याय होय.

या दृष्टीने हेमलकसा येथील लोकबिरादरी प्रकल्पाचे कार्य विशेष महत्त्वाचे आहे. बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी सुरू केलेला हा प्रकल्प डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी वाढविला. आधी रुग्णसेवा आणि तिने मिळविलेल्या विश्वासावर १९७६ मध्ये आश्रमशाळा, असा तेथील क्रम होता. कार्यकर्त्यांनी स्वतः माडिया शिकून घेतली. या शाळेत शिकलेल्यांतून पुढे डॉक्टर व शिक्षकही निर्माण झाले.

गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी अस्तित्वात आला. दक्षिण भागात कालांतराने आलापल्ली, एटापल्ली व भामरागड येथे महाविद्यालये निघाली. २०११ मध्ये चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. त्यामुळे अंतर घटले, परंतु प्रश्नाचे स्वरूप बदलले. घराजवळ मिळते ती बहुधा कला शाखेची पदवी. वैद्यक व अभियांत्रिकी यांसाठी अजूनही बाहेरच जावे लागते. तेथे शासकीय वसतिगृहातील जागा ही प्रवेशाइतकीच निर्णायक ठरते. ती न मिळालेल्यांना निवास-भोजनाचा खर्च थेट देणारी ‘पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना’ २०१६-१७ मध्ये आली.

दुसरा अडसर कागदपत्रांचा. राखीव जागेसाठी जमातीचा दाखला पडताळून घ्यावा लागतो. २००१ मध्ये अंमलात आलेल्या राज्याच्या अधिनियमाने ही पद्धती कायद्यात बसविली. पडताळणीत ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या नोंदींना, विशेषतः शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातील नोंदींना, मोठे वजन असते. ज्याच्या आजोबांनी शाळाच पाहिली नाही, त्याला अशी नोंद कोठून मिळणार? खोट्या दाव्यांना आळा घालण्यासाठी केलेली ही व्यवस्था खऱ्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यालाही अडवते.

प्रवेशपरीक्षांमुळे पूर्वतयारीचे महत्त्व आणखी वाढले. अमेरिकेत १९६५ मध्ये सुरू झालेल्या ‘अपवर्ड बाउंड’ योजनेत गरीब कुटुंबांतील माध्यमिक विद्यार्थ्यांना सुटीत महाविद्यालयाच्या आवारात ठेवून तयारी करून घेतली जाई. तशी व्यापक योजना आपल्याकडे झाली नाही. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने (स्थापना १९८९) बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारी शिक्षणक्रम काढला, तो मुख्यतः प्रौढांच्या उपयोगी पडला. २०१७ पासून राज्यातील वैद्यकीय प्रवेश ‘नीट’वर ठरू लागले. ही परीक्षा मराठीतून देता येते. परंतु शिकवणी वर्ग शहरात आणि महागडे. ही उणीव भरून काढण्यास पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी ‘लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट’द्वारा विनामूल्य अध्यापन आरंभिले. यवतमाळ येथे सुरू झालेल्या ‘एकलव्य’ या संस्थेने सामाजिक शास्त्रांच्या नामवंत संस्थांत प्रवेशासाठी ग्रामीण व आदिवासी तरुणांना मार्गदर्शन केले. अर्ज कसा भरावा, निवेदन कसे लिहावे, शुल्कमाफी कोठे मागावी, या सुशिक्षित घरात सहज कळणाऱ्या गोष्टी येथे शिकवाव्या लागतात.

हे सर्व प्रयत्न सोळा-सतरा वर्षांच्या विद्यार्थ्यासाठी आहेत. सहाव्या वर्षी पडणाऱ्या भाषिक तुटीकडे लक्ष देणारे प्रयोग त्यामानाने थोडे आहेत. लोकबिरादरी प्रकल्पाने २०१५ मध्ये भामरागड तालुक्यातील नेलगुंडा येथे काढलेली साधना विद्यालय ही शाळा त्यांपैकी एक असून तीत मुलांच्या माडिया बोलीचा आधार घेऊन शिक्षणास प्रारंभ केला जातो.