गतकूळ पत्ते : मुदत संपलेल्या डोमेन नावांच्या बाजाराचा इतिहास

१/१६
गेल्या वर्षी पदव्युत्तर प्रबंधाच्या तळटिपा शेवटच्या तपासत होते. सातारा जिल्ह्यातील वीरगळांची छायाचित्रे व मोजमापे एका हौशी अभ्यासकांनी स्वतःच्या संकेतस्थळावर अनेक वर्षे जपली होती. माझ्या प्रबंधात त्या स्थळाचे सात दाखले होते. पत्ता उघडला. नाव तेच होते, पण पानावर वीरगळ नव्हते. तिथे ऑनलाइन रमीच्या जाहिराती होत्या.

२/१६
कोणी ते स्थळ फोडले असावे, असे प्रथम वाटले. तसे काही झाले नव्हते. त्यांच्या मुलाशी बोलल्यावर कळले की ते गृहस्थ दोन वर्षांपूर्वी वारले. नूतनीकरणाची स्मरणपत्रे त्यांच्या ई-मेलवर येत राहिली, पण तो ई-मेल उघडणारे कोणी उरले नव्हते. मुदत संपली आणि ते नाव दुसऱ्या कोणीतरी रीतसर विकत घेतले. अशा नावांचा एक मोठा बाजार आहे आणि त्याला स्वतःचा इतिहास आहे. हा धागा त्या इतिहासाविषयी.

३/१६
आरंभीच्या जाळ्यात प्रत्येक संगणकाला क्रमांक असे. कोणते नाव कोणत्या क्रमांकाचे, याची एकच यादी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ठेवली जाई. जाळे वाढले तशी ती यादी अपुरी पडू लागली. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डोमेन नावांची श्रेणीबद्ध पद्धती मांडली. १५ मार्च १९८५ रोजी ‘सिम्बॉलिक्स डॉट कॉम’ हे पहिले डॉट कॉम नाव नोंदले गेले. त्या काळी नोंदणीस शुल्क नव्हते.

४/१६
सप्टेंबर १९९५ मध्ये चित्र पालटले. नोंदणीचे काम पाहणाऱ्या नेटवर्क सोल्युशन्स या कंपनीने दोन वर्षांसाठी १०० डॉलर शुल्क आकारण्यास प्रारंभ केला. या निर्णयाचे महत्त्व रकमेपेक्षा मोठे आहे. इथून पुढे नाव मुदतीवर मिळू लागले. ‘माझे डोमेन’ असे आपण म्हणतो खरे, परंतु ते विकत घेतलेले नसते, भाडेपट्ट्याने घेतलेले असते. भाडे थकले की पट्टा संपतो.

५/१६
१९९८ मध्ये आयकॅन ही नियामक संस्था स्थापन झाली. १९९९ पासून अनेक कंपन्यांना नोंदणीची मुभा मिळाली आणि शुल्क उतरले. तो डॉट कॉम तेजीचा काळ होता. कंपनी उभी राहण्याआधीच तिचे नाव नोंदवले जाई. २००० मध्ये तेजी कोसळली. बुडालेल्या कंपन्यांच्या नावांची मुदत पुढील एक-दोन वर्षांत संपत गेली आणि त्यातील असंख्य नावे कोणी नूतन केलीच नाहीत.

६/१६
विसरणारे सगळेच बुडालेले नव्हते. डिसेंबर १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्ट ‘पासपोर्ट डॉट कॉम’ या नावाचे शुल्क भरायला विसरली. हॉटमेलमध्ये प्रवेश करण्याची यंत्रणा या नावावर अवलंबून होती. ऐन नाताळात वापरकर्त्यांची कोंडी झाली. अखेर एका प्रोग्रामरने स्वतःच्या खिशातून ३५ डॉलर भरून प्रश्न सोडवला. जगातील बलाढ्य कंपनीची जी चूक होते, ती एकट्या अभ्यासकाची होणे किती सोपे!

७/१६
पण टाकून दिलेल्या नावातून पैसा कसा निर्माण होतो? पहिला मार्ग थेट जाहिरातींचा. १९९८ मध्ये ‘गोटू डॉट कॉम’ने प्रत्येक क्लिकमागे जाहिरातदाराकडून पैसे घेण्याची बोली-पद्धत आणली. गूगलने २००३ मध्ये अ‍ॅडसेन्स सुरू केले. आता कोणत्याही पानावर जाहिराती लावता येऊ लागल्या. जुन्या सवयीने कोणी पत्ता टंकित केला किंवा जुन्या दुव्यावरून कोणी आले की समोर जाहिरातींची यादी उघडते. त्याने एका जाहिरातीवर क्लिक केले की नावाच्या नव्या धन्याला वाटा मिळतो. याला ‘पार्किंग’ म्हणतात. दहा डॉलरचे नाव वर्षाला अकरा डॉलर मिळवू लागले, तरी हजारो नावांच्या हिशेबात तो धंदा ठरतो.

८/१६
दुसरा मार्ग अधिक सूक्ष्म आहे. १९९८ मध्ये लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी ‘पेजरँक’ची कल्पना मांडली. एका पानाने दुसऱ्या पानाला दिलेला दुवा म्हणजे जणू मत, आणि प्रतिष्ठित पानाचे मत अधिक वजनदार. पण मत मिळते पत्त्याला! पत्त्यामागचा माणूस निघून गेला तरी विद्यापीठांनी, वृत्तपत्रांनी, ग्रंथालयांनी दिलेले दुवे तसेच राहतात. नवा धनी त्या जुन्या पुण्याईवर शोधयंत्रात वर चढतो आणि त्या वाचकवर्गावर जाहिराती लावतो.

९/१६
दख्खनच्या ग्रामव्यवस्थेत याच्याशी जुळणारी एक संज्ञा आहे : ‘गतकूळ’. मिरासदाराचे कुटुंब निर्वंश झाले की त्याची जमीन गतकूळ म्हटली जाई. ती दुसरा कोणी कसू लागे, तरी त्या थळाला जुन्या कुळाचेच नाव पुष्कळदा चिकटून राही. मुदत संपलेले डोमेन हे असेच गतकूळ थळ. फरक एकच आणि तो मोठा : कूळ गेले हे साऱ्या गावाला ठाऊक असे. जाळ्यावरील वाचकाला ते ठाऊक नसते.

१०/१६
या बाजारात नाव निवडताना काय पाहतात? नाव किती वर्षांचे आहे, किती वेगवेगळी स्थळे त्याला दुवे देतात, ती स्थळे विश्वासार्ह आहेत का, आजही तिथे कोणी येते का. इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये त्याचे पूर्वायुष्य तपासतात. मध्यंतरी त्यावर जुगार किंवा बनावट औषधे विकली गेली असतील, तर शोधयंत्राने ते नाव आधीच खाली ढकललेले असू शकते. नावात कोणाचा व्यापारचिन्हाचा हक्क येत नाही ना, हेही पाहतात, कारण १९९९ पासून अशा तक्रारींसाठी आयकॅनची स्वतंत्र निवाडा-पद्धती आहे. ही यादी पुन्हा वाचा. जुने दस्तऐवज पारखताना आपण जवळपास हेच प्रश्न विचारतो. हेतू मात्र निराळा असतो.

११/१६
डॉट कॉम नाव मुदत संपताच मोकळे होत नाही. नोंदणी कंपनी ते ४५ दिवसांपर्यंत राखून ठेवू शकते. ते रद्द केल्यावर ३० दिवसांचा सोडवणुकीचा काळ असतो, त्यात जुना धनी दंड भरून नाव परत मिळवू शकतो. मग ५ दिवस कोणालाच हात लावता येत नाही. नाव सुटते त्या क्षणी ते पकडण्यासाठी शर्यत लागते. ती संगणकच धावतात. प्रत्येक नोंदणी कंपनीला मागण्या पाठवण्याची ठरावीक मर्यादा असल्यामुळे काहींनी केवळ या शर्यतीसाठी शेकडो नोंदणी कंपन्या उभ्या केल्या.

१२/१६
नियमांतील फटही या बाजाराने सोडली नाही. नव्याने नोंदलेले नाव ५ दिवसांत परत केल्यास शुल्क परत मिळे. ही सोय टंकनचुकांसाठी होती. व्यापाऱ्यांनी लाखो नावे घ्यायची, पाच दिवस जाहिराती लावून पाहायच्या, कमावणारी नावे ठेवायची आणि उरलेली परत करायची, असा क्रम सुरू केला. याला ‘डोमेन टेस्टिंग’ म्हणत, म्हणजे नावे चाखून पाहणे. ऐन भरात महिन्याला दीड कोटीहून अधिक नावे अशी चाखली गेली. २००८ मध्ये आयकॅनने अतिरिक्त परतीवर नावामागे २० सेंट आकारले आणि २००९ मध्ये आकार आणखी वाढवला. संख्या महिन्याला साठ हजारांच्या खाली आली. वीस सेंटांनी जे आटोक्यात येऊ लागले, त्याच्या मुळाशी किती तुटपुंजा नफा होता, हे यावरून दिसते.

१३/१६
प्रत्येक खरेदीदार लबाड नसतो. कोणाला नव्या उद्योगासाठी चांगले नाव हवे असते, कोणी जुने स्थळ पुन्हा उभे करतो. पण ‘द हेअरपिन’चे उदाहरण पाहा. हे स्त्रियांच्या लेखनासाठी नावाजलेले अमेरिकी संकेतस्थळ २०१८ मध्ये बंद पडले. पुढे त्याचे नाव दुसऱ्याच्या हाती गेले आणि २०२४ च्या आरंभी तिथे कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेला भरताड मजकूर असल्याचे उघड झाले. काही जुने लेख ठेवले होते, मात्र लेखिकांची नावे काढून तिथे पुरुषांची नावे घातली होती.

१४/१६
मार्च २०२४ मध्ये गूगलने ‘मुदत संपलेल्या डोमेनचा गैरवापर’ हा स्वतंत्र अपराध आपल्या नियमांत घातला. त्यात दिलेले एक उदाहरण बोलके आहे : पूर्वी प्राथमिक शाळेचे असलेल्या पत्त्यावर जुगाराचा मजकूर. ज्या शोधयंत्राने दुव्यांना किंमत आणली आणि ज्याच्या जाहिरातींनी हा बाजार पोसला, त्यालाच अखेर त्याच्यावर बंधने घालावी लागली.

१५/१६
यातून न्यायालयही सुटले नाही. २०११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हिंसक व्हिडिओ गेम्सविषयीचा निकाल दिला. त्यातील न्यायमूर्ती अलिटो यांच्या स्वतंत्र मताच्या एका तळटिपेत संकेतस्थळाचा दाखला होता. त्या नावाची मुदत संपली. कोणीतरी ते घेऊन तिथे थट्टेचा मजकूर लावला, ज्याचा रोख जाळ्यावरील दाखल्यांच्या क्षणभंगुरतेवर होता. पुढे हार्वर्डच्या अभ्यासकांना आढळले की त्या न्यायालयाच्या निकालपत्रांतील सुमारे निम्मे दुवे मूळ मजकुरापर्यंत नेतच नाहीत.

१६/१६
माझ्या सात दाखल्यांपैकी पाच वेबॅक मशीनमध्ये सापडले. दोन वीरगळांची पाने कोणीच जतन केली नव्हती, आणि त्यातील एका वीरगळावर आता तैलरंगाचा जाड थर आहे. ते दोन्ही दाखले मी प्रबंधातून काढले. पत्ता म्हणजे साधन नव्हे, हे मला उशिरा कळले. म्हणून एक विनंती : दाखला देताना पान पाहिल्याची तारीख लिहा आणि त्याच दिवशी त्याची प्रत अर्काइव्हमध्ये जतन करा. तुमच्या गावातील एखादे आजोबा मंदिरांविषयी, बारवांविषयी संकेतस्थळ चालवत असतील, तर त्यांना एवढेच विचारा : याचे शुल्क तुमच्यामागे कोण भरणार आहे?