कुंपणाची घाणेरी

गेल्या शनिवारी पहाटेची गाडी पकडून डहाणूला गेलो. घोलवडच्या बाजूला काकांची चिकूची छोटीशी वाडी आहे. पोचलो तर चहाच्या आधी काकांनी बांधावर नेलं. "बघ, काय पाहुणे आलेत ते!"

शेजारच्या प्लॉटवर कुणीतरी बंगला बांधलाय आणि कडेने लाल-पिवळ्या फुलांची झुडपं लावलीयत. नर्सरीवाले त्याला 'लँटाना' म्हणून विकतात. काका सरळ घाणेरी म्हणतात, काही ठिकाणी टणटणी. दोन पावसाळ्यांत ती बांध ओलांडून चिकूच्या बुंध्यापर्यंत आली होती. काळी फळं बुलबुल खातात आणि बी कुठेही टाकतात. बुलबुलाला सातबारा कुठला कळायला!

रात्री नेटवर शोधाशोध केली. काँग्रेस गवताची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. 1955-56 च्या सुमारास ते पुण्यात दिसलं आणि अमेरिकन गव्हातून आलं असं आपण ऐकत आलो. म्हणजे ते निदान चुकून तरी आलं. घाणेरी मात्र हौसेने आणली. मूळची अमेरिका खंडातली. डच लोकांनी ती युरोपात नेली, तिथल्या बागवानांनी संकर करून नवे नवे रंग काढले आणि 1809 च्या सुमारास इंग्रजांनी ती कलकत्त्याच्या शिबपूर वनस्पती उद्यानात लावली. शोभेचं झाड, कुंपणाला उत्तम! थोडक्यात, ती शेजारची बाग पहिल्यांदा फुलली ती शिबपूरला.

पुढचं वाचून तर हसावं की रडावं कळेना. घाणेरी खाणारा एक किडा 1941 मध्ये ऑस्ट्रेलियातून आणला. डेहराडूनला चाचणी घेतली तेव्हा तो सागाच्या फुलांवरही जगतो असं निघालं. कल्चर नष्ट करायचं ठरलं. तोवर किडा निसटला होता! टेस्टिंगमध्ये नापास झालेला बग प्रॉडक्शनमध्ये, आणि तो आजही देशभर घाणेरीवर सापडतो. घाणेरीला मात्र त्याचं काही सोयरसुतक नाही. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ती देशातल्या दीड लाखाहून जास्त चौरस किलोमीटर जंगलात पसरल्याचा अंदाज आहे.

इथपर्यंत मला हे प्रकरण बागेपुरतंच वाटत होतं. सकाळी काकांकडे तलासरीहून कामाला येणारे बाबा भेटले. वयस्कर वारली माणूस. म्हणाले, "आमच्या माळावर आता गवत कमी नि हीच जास्त. जनावर खाईल काय?" घाणेरीच्या दाट सावलीत गवत धरत नाही आणि पाला खाल्ला तर गुरांना कावीळ होते, उन्हात कातडी सोलवटते.

गवत म्हटल्यावर मला गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' आठवलं. या भागातलं गवत मुंबईच्या तबेल्यांना जायचं आणि ते कापायचे वारली, जमीनदार देईल त्या मजुरीवर. मे 1945 मध्ये झरी गावी किसान सभेची सभा झाली, वेठबिगारीविरुद्ध माणसं उभी राहिली. त्याच पावसाळ्यानंतर पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये ही मागणी आली आणि संप झाला. ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली. गवतासाठी! ज्या माळांवरच्या गवताच्या दरासाठी लोकांनी गोळ्या झेलल्या, त्यावर आता आमच्यासारख्यांच्या कुंपणातली फुलं. बाबांकडे ना बंगला ना कुंपण.

असो. रविवारी कुदळ घेऊन बसलो. वरवर छाटून काही होत नाही, दुप्पट फुटते. जमिनीखाली तीन-चार सेंटीमीटरवर मुख्य मूळ तोडायचं आणि झुडूप उलटं, मुळं वर करून ठेवायचं, म्हणजे परत धरत नाही. पावसाळ्यात उगवलेली रोपं नंतर हाताने उपटायची. दुपारपर्यंत मी अकरा झुडपं काढली. बाबांनी तेवढ्या वेळात किती काढली ते मोजायचं धाडस केलं नाही.

हाताला फोड आलेत, टायपिंगला त्रास होतोय. बंगल्याचा मालक पुढच्या शनिवारी येतो म्हणे. "तूच बोल, तुम्हा लोकांची भाषा एक," असं काकांचं म्हणणं. कुंपणाला मेंदी लावा म्हणून सांगणार आहे. रोपं लागली तर मी आणून देईन.