कोड आणि कुष्ठ : एका शब्दाचे दोन आजार

मराठीत ‘कोड’ म्हणजे अंगावरचे पांढरे डाग. हिंदीत ‘कोढ़’ म्हणजे महारोग. दोन्हींचे मूळ एकच, संस्कृत ‘कुष्ठ’. त्वचारोग शिकवताना मी हा शब्द पहिल्याच तासाला फळ्यावर लिहितो. कारण पुस्तकातल्या व्याख्या पाठ होतात, पण समोरचा रुग्ण ‘कोड’ म्हणताना काय भितो, हे पुस्तकात नसते.

जुन्या ग्रंथांत मात्र हा गोंधळ इतका नव्हता. अथर्ववेदाच्या पहिल्या कांडात २३ आणि २४ ही दोन सूक्ते ‘किलासा’वर आहेत, म्हणजे पांढऱ्या डागांवर. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील सातव्या अध्यायात कुष्ठाचे अठरा प्रकार आहेत: सात महाकुष्ठे, अकरा क्षुद्रकुष्ठे. त्या अकरांत दद्रू, पामा, विचर्चिका, म्हणजे आपले गजकर्ण, खरूज, इसब यांच्या जवळपासचे आजार येतात. कुष्ठ हे तेव्हा जवळजवळ सगळ्या त्वचारोगांचे आडनाव होते. श्वित्राचा विचार चरकाने याच अध्यायाच्या शेवटी, पण वेगळा केला आहे. लोकभाषेने ही वेगळी ओळ पुसून टाकली.

युरोपातही असेच घडले. ग्रीक ‘लेप्रा’ म्हणजे खवल्यांचा आजार. बायबलच्या भाषांतरातून तो शब्द महारोगाला चिकटला. लंडनच्या रॉबर्ट विलन यांनी १८०८ च्या ग्रंथात रोगांची मांडणी नावावरून न करता त्वचेवर प्रथम काय उमटते त्यावरून केली: सपाट डाग, पुरळ, खवले, पाण्याचे फोड, पुवाचे फोड, अशा आठ गटांत. आजचा विद्यार्थी ‘मॅक्यूल’, ‘पॅप्यूल’ म्हणतो तो विलनचाच वारसा. (आपल्याकडे पुटकुळी, चट्टा, गांधी असे नेमके शब्द असूनही ते वहीत येत नाहीत, याचे मला नेहमी वाईट वाटते.) पण याच विलननी सोरायसिसच्या एका रूपाला ‘लेप्रा’ म्हटले. ते जोखड १८४१ मध्ये व्हिएन्नाच्या फर्डिनांड हेब्रांनी उतरवले. तोवर नुसत्या खवल्यांच्या माणसाने काय काय सोसले असेल!

१८७३ मध्ये नॉर्वेत हान्सेन यांना महारोगाचा जंतू दिसला आणि नाव व कारण यांची पक्की जोड झाली. कोडात जंतू नाही. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी नाहीशा होतात, एवढेच. डाग दुधासारखा पांढरा, स्पर्श शाबूत. महारोगाचा चट्टा सहसा फिकट किंवा लालसर असतो आणि तिथे कापसाचे बोटही बऱ्याचदा कळत नाही. एवढा फरक तपासायला मिनिटही लागत नाही.

आपल्या वैद्यांची बावची इथे आठवते. श्वित्रासाठी ती लावून उन्हात बसवत. तिच्यातील सोरालेन हेच पुढे औषध ठरले: १९४० च्या दशकात इजिप्तच्या अब्देल मोनेम एल मोफ्ती यांनी तिकडच्या अशाच एका वनस्पतीतून मिळवलेले द्रव्य आणि सूर्यप्रकाश एकत्र वापरले.

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात महारोग हे घटस्फोटाचे कारण होते. २०१९ च्या दुरुस्तीने ते वगळले. कोड त्या यादीत कधीच नव्हते. तरी स्थळ बघायला आलेली मंडळी मुलीच्या बाहीखाली नेमके तेच शोधत असतात.