घरच्या बॅकअपची पेटी

घरातल्या संगणकाच्या बॅकअपचा प्रश्न हार्ड डिस्कबरोबरच घरात आला. आयबीएमने १९८३ मध्ये पीसी एक्सटी हा संगणक बाजारात आणला, तेव्हा त्यात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क होती आणि फ्लॉपीवर मावत होते ३६० किलोबाइट. डिस्क भरलेली असेल तर तिची एक पूर्ण प्रत काढायला २९ फ्लॉप्या लागत, त्याही क्रमांक घालून ठेवलेल्या. डॉसमधली बॅकअपची आज्ञा एकामागून एक फ्लॉपी मागत राही. पुढे हार्ड डिस्का झपाट्याने वाढल्या, फ्लॉपी १.४४ मेगाबाइटवरच अडली. १९९४ मध्ये आयओमेगाची १०० मेगाबाइटची झिप डिस्क आली, मग घरोघरी सीडी रायटर आले. पण साधन कोणतेही असो, काम माणसाने आठवणीने करायचे होते, आणि म्हणूनच ते बहुधा होत नसे.

ज्यांच्याकडे त्यासाठी नेमलेली माणसे होती, त्यांचीही फजिती चुकली नाही. १९९८ मध्ये पिक्सार या चित्रपटसंस्थेत ‘टॉय स्टोरी २’च्या फायली एका चुकीच्या आज्ञेने सर्व्हरवरून पुसल्या जाऊ लागल्या. बॅकअपच्या टेप काढून पाहिल्या, तर त्या अपुऱ्या निघाल्या. गॅलिन सुसमन या तंत्रदिग्दर्शिका बाळंतपणानंतर घरून काम करत होत्या आणि त्यांच्या घरच्या संगणकावर चित्रपटाची प्रत होती. त्या प्रतीमुळे बरेचसे काम वाचले. मूळ जागेपासून दूर असलेली एक प्रत काय करू शकते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

फायली नेटवर्कवरच्या एकाच यंत्रात ठेवायच्या, ही कल्पना मात्र कचेऱ्यांतली. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये एनएफएस ही पद्धत आणली. आयबीएममध्ये बॅरी फाइगेनबाउम यांनी एसएमबी या तशाच पद्धतीचा पाया घातला आणि मायक्रोसॉफ्टने ती पुढे विंडोजमध्ये रुजवली. १९९२ मध्ये स्थापन झालेल्या नेटॲप कंपनीने फक्त फायली सांभाळणारे यंत्र विकायला काढले, पण त्याची किंमत घराच्या आवाक्यातली नव्हती. ती आवाक्यात आणली ती फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरने. ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरा येथे अँड्र्यू ट्रिजेल या संशोधक विद्यार्थ्याने जानेवारी १९९२ मध्ये एक प्रणाली खुली केली. तीच पुढे सांबा म्हणून ओळखली गेली. सांबा चालवणारे यंत्र विंडोजच्या संगणकांना विंडोजच्याच सर्व्हरसारखे दिसते. लिनक्स आणि सांबा एकत्र आल्यावर स्वस्त चिप, थोडी मेमरी आणि एक डिस्क एवढ्यावर सर्व्हर उभा राहू लागला. नॅस (नेटवर्कला जोडलेली साठवण) म्हणून आज दुकानात मिळणाऱ्या बहुतेक पेट्यांच्या पोटात हीच जोडी असते, वरचे वेष्टन कोणाचेही असो.

लिंक्सिसची एनएसएलयू२ ही २००४ मधली पेटी या टप्प्याचा चांगला नमुना आहे. तिच्यात डिस्क नव्हतीच. मेमरी ३२ मेगाबाइट, मागे यूएसबीच्या दोन जागा आणि नेटवर्कची एक तार. हौशी लोकांनी तिच्या लिनक्सला हात घालून तिच्याकडून नाना कामे करून घेतली. तिची तार मात्र १०० मेगाबिटची होती. त्या तारेने ५०० गिगाबाइट न्यायचे तर कागदावरच्या हिशेबानेही अकरा तास लागतात. प्रत्यक्षात कितीतरी जास्त. गिगाबिटच्या तारेने हाच हिशेब तास-सव्वा तासावर येतो. म्हणून घरगुती नॅसचे खरे दिवस गिगाबिट राउटर स्वस्त झाल्यावर आले. तैवानच्या सिनॉलॉजी आणि क्यूनॅप, जपानची बफेलो या कंपन्या याच काळात पुढे आल्या.

आठवणीचा प्रश्न सुटला तो २००७ च्या सुमारास. मायक्रोसॉफ्टचा विंडोज होम सर्व्हर घरातल्या प्रत्येक संगणकाचा बॅकअप रोज रात्री आपणहून घेई आणि दोन संगणकांतला सारखा मजकूर एकदाच साठवी. त्याच वर्षी ॲपलने टाइम मशीन आणले आणि २००८ मध्ये डिस्क व वायफाय एकाच डब्यात घातलेली टाइम कॅप्सूल. टाइम मशीन गेल्या चोवीस तासांतली दर तासाची, महिन्याभरातली रोजची आणि त्याआधीची आठवड्याची प्रत जपते. चुकून बदललेली फाइल कालच्या रूपात परत मिळणे, ही सोय सामान्य घराला पहिल्यांदाच मिळाली. घरगुती बॅकअपच्या इतिहासातले सर्वांत मोठे पाऊल तेच; मोठ्या डिस्का हे नव्हे.

पण बनवणारे त्या वाटेवर टिकले नाहीत. होम सर्व्हरमध्ये फायली बिघडवणारा दोष निघाला आणि तो २००८ च्या जुलैमध्ये दुरुस्त झाला. पुढे वेगवेगळ्या आकारांच्या डिस्का एकत्र वापरण्याची त्याची सोयच मायक्रोसॉफ्टने काढून टाकली आणि गिऱ्हाईक पांगले. ॲपलने २०१८ मध्ये टाइम कॅप्सूलचा धंदा आवरला. अशाच पेट्या बनवणाऱ्या ड्रोबोने डिस्कांवर लिहिण्याची स्वतःची बंदिस्त पद्धत वापरली होती. २०२२ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत गेली आणि गिऱ्हाइकांपुढे पेच पडला, कारण त्या डिस्का दुसऱ्या कंपनीच्या पेटीत वाचता येत नाहीत. पेटी मेली तर डिस्क साध्या लिनक्स संगणकावर वाचता येईल का, हा प्रश्न खरेदीआधी विचारला जातो तो यामुळे.

एक गैरसमज मात्र पुन्हा पुन्हा महाग पडला. बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ मध्ये रेडची कल्पना मांडली: एका महागड्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्का, अशा मांडणीत की एक मेली तरी काम चालू राहावे. दोन खणांच्या पेटीत दोन्ही डिस्कांवर एकच मजकूर लिहिला जातो. तोच बॅकअप, असे पुष्कळांना वाटले. पण फाइल पुसली की ती दोन्हीकडून त्याच क्षणी जाते. चोरी, आग, विजेचा झटका यांत दोन्ही डिस्का एकत्र जातात. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी तीन प्रती, दोन प्रकारची साधने आणि एक प्रत बाहेर, असा नियम लोकप्रिय केला, त्यामागे हाच अनुभव आहे.

डिस्कांचाही वेगळा इतिहास आहे. २०११ मध्ये थायलंडच्या पुरात कारखाने बुडाले आणि जगभर हार्ड डिस्का महागल्या. वेस्टर्न डिजिटलने २०१२ मध्ये खास नॅससाठी ‘रेड’ (म्हणजे लाल) नावाच्या डिस्का काढल्या. त्यांतल्या काहींवर पट्टे कौलांसारखे एकावर एक चढवून लिहिले जातात, हे २०२० मध्ये उघड झाले. अशा डिस्कवर जुना मजकूर बदलणे संथ असते आणि मेलेल्या डिस्कच्या जागी नवी भरताना ते चांगलेच जाणवते.

सर्वांत मोठा घाव इंटरनेटमधून आला. बाहेरगावी असतानाही घरच्या फायली दिसाव्यात म्हणून पेट्या राउटरमधून उघड्या ठेवल्या जात. २०१४ मध्ये सिनॉलॉजीच्या पेट्यांवर खंडणीखोर प्रोग्रॅम आला, २०२२ मध्ये क्यूनॅपच्या पेट्यांवर. २०२१ च्या जूनमध्ये वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह पेट्या बाहेरून आलेल्या आज्ञेने कोऱ्या झाल्या. त्यांना सुरक्षेचे अपडेट मिळणे २०१५ मध्येच थांबले होते. त्यानंतर किती खण, किती वेग यांच्या आधी कंपनी किती वर्षे अपडेट देणार आणि जुन्या अवस्थेच्या न पुसता येणाऱ्या नोंदी पेटी ठेवते का, हे पाहिले जाऊ लागले.

२०२५ मध्ये सिनॉलॉजीने काही नव्या पेट्यांत आपल्या मान्यतेच्याच डिस्का चालतील अशी अट घातली. ओरड झाल्यावर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हार्ड डिस्कांसाठी ती मागे घेतली. आजही बहुतेक घरांना दोन खणांची, गिगाबिट तारेची, अजून अपडेट मिळणारी पेटी पुरते. तिच्या मागच्या यूएसबीला आठवड्यातून एकदा जोडून मग दुसऱ्या घरी ठेवायची एक सुटी डिस्क त्याच खरेदीत धरावी.