न झालेला सामना

आमचे मामा फुटबॉलचे वेडे. मुंबईच्या कूपरेजवर सामना असला की कचेरीतून परस्पर तिकडे जायचे आणि रात्री पानावर बसल्यावर आम्हां भाचरांना तो सगळा पुन्हा ऐकवायचे. ताटातली लिंबाची फोड हा चेंडू! १९५६ साली मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये नेव्हिल डिसोझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल मारले आणि भारत ४-२ असा जिंकला, ही त्यांची लाडकी कथा. पण ती संपली की मामा हटकून म्हणत, "अरे, त्याच्या आधीचा सामना आपण न खेळताच जिंकलो. समोर हंगेरी होती. ती आलीच नाही!"

ती आली असती तर आपण हरलो असतो, याविषयी मामांनाही शंका नव्हती. तरी त्यांना हळहळ वाटे. ती कशाची, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले.

बुडापेस्टच्या कडेला किश्पेश्त नावाची कामकरी वस्ती आहे. तिथे फेरेंत्स पुष्काश आणि योझेफ बोझिक ही दोन मुले शेजारच्या घरांत वाढली, एकाच मैदानावर खेळली. पुढे त्यांचा क्लब सैन्याने आपल्याकडे घेतला आणि त्याचे नाव होनव्हेड झाले. पुष्काश गोल मारणारा, बोझिक मागून चेंडू पुरवणारा. या दोघांभोवती हंगेरीचा जो संघ उभा राहिला, तो १९५० च्या जूनपासून चार वर्षे एकही सामना हरला नाही. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ज्या युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असे झोडपले, त्यालाच या मंडळींनी अंतिम सामन्यात २-० असे नमवले. यावरून काय ते समजावे.

२५ नोव्हेंबर १९५३ च्या वेम्ब्लीच्या सामन्याची जुनी फिल्म मी पाहिली आहे. ब्रिटिश बेटांबाहेरच्या एकाही संघाने तोवर इंग्लंडला त्यांच्या घरी हरवले नव्हते. पहिल्याच मिनिटाला हिदेगकुटीने गोल केला. त्याच्या पाठीवर नऊचा आकडा, म्हणजे त्याने सर्वांत पुढे उभे राहायचे. पण हा गृहस्थ मागेच रेंगाळे. त्याच्यावर नेमलेल्या इंग्रज खेळाडूला कळेना, याच्यामागे जावे की आपली जागा राखावी! मग पुष्काशचा तो गोल. इंग्लंडचा कप्तान बिली राइट त्वेषाने चेंडूवर घसरत आला. पुष्काशने बुटाच्या तळव्याने चेंडू अलगद मागे ओढला. राइट मोकळ्या हवेला लाथ मारून पुढे निघून गेला आणि चेंडू जाळ्यात. मी तेवढाच तुकडा पुनःपुन्हा पाहतो. इंग्लंड ३-६ असे हरले. पुढच्या मे महिन्यात बुडापेस्टला तर १-७.

आणि तरी विश्वचषक त्यांना मिळाला नाही. ४ जुलै १९५४, स्वित्झर्लंडमधील बर्न, धो धो पाऊस. ज्या पश्चिम जर्मनीला पहिल्या फेरीत ८-३ असे लोळवले होते, तोच संघ अंतिम सामन्यात समोर. आठ मिनिटांत हंगेरीचे दोन गोल झाले. शेवटी जर्मनी ३-२ असा जिंकला. अखेरच्या मिनिटांत पुष्काशने चेंडू जाळ्यात धाडला होता, तो ऑफसाइड ठरला. बुडापेस्टमध्ये लोक संतापून रस्त्यावर उतरले.

१९५६ च्या ऑक्टोबरात तिथे राज्यकर्त्यांविरुद्ध उठाव झाला आणि ४ नोव्हेंबरला रशियन रणगाडे राजधानीत शिरले. २२ नोव्हेंबरला मेलबर्नला ऑलिंपिकचा पडदा वर गेला. हंगेरीचे इतर खेळाडू पोचले, फुटबॉलचा संघ नाही. नेमक्या त्याच दिवशी होनव्हेड स्पेनमध्ये बिल्बाओला युरोपियन कपचा सामना खेळत होता. परतीचा सामना घरी होणे शक्यच नव्हते. तो ब्रुसेल्सला झाला. मग प्रत्येकापुढे एकच प्रश्न: घरी जायचे की नाही?

पुष्काश गेला नाही. कोचिश आणि त्सिबोर गेले नाहीत. बोझिक गेला. कोण चूक, कोण बरोबर, हे आपण घरी फराळ करीत ठरवू नये.

पुष्काशवर खेळण्याची बंदी आली. पोट सुटले. १९५८ साली रेआल माद्रिदने त्याला घेतले तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता. दोनच वर्षांनी ग्लासगोला युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात या 'संपलेल्या' माणसाने एकट्याने चार गोल मारले! कोचिश आणि त्सिबोर बार्सेलोनाकडून खेळू लागले. १९६१ साली त्याच चषकाचा अंतिम सामना खेळायला ते गेले, तो बर्नच्या त्याच मैदानावर. दोघांनी एकेक गोल केला, आणि बार्सेलोना हरली ती ३-२ अशीच. जिंकलेल्या बेनफिकाचा प्रशिक्षक बेला गुटमन हाही बुडापेस्टचाच.

बोझिक मायदेशासाठी १०१ सामने खेळला आणि १९७८ साली वारला. पुष्काश पंचवीस वर्षांनी, १९८१ मध्ये, प्रथम बुडापेस्टला परतला. २००६ साली तो गेला, तेव्हा त्याला तिथल्या मोठ्या बॅसिलिकेत पुरले. शहरातील सर्वांत मोठ्या मैदानाला आज पुष्काशचे नाव आहे. किश्पेश्तच्या मैदानाला बोझिकचे.